गावचा झरा, मुंबईची वर्गणी

वाचक विचारतात

मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांची पत्रं या वेळी बरीच आली. पैसे थोडे, कामं मोठी आणि मधे कागदपत्रांचा डोंगर, असा बहुतेकांचा सूर आहे. सारख्या प्रश्नांची पत्रं एकत्र केली आहेत. नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या वाडीत ४२ घरं, १९० माणसं. वर डोंगरात ६०० मीटरवर बारमाही झरा आहे, मे महिन्यात बायका तिथूनच हंडे आणतात. मंडळाने तीन लाख जमवलेत, एक संस्था आणखी दोन लाख द्यायला तयार आहे. २०,००० लिटरची आर.सी.सी. टाकी बांधून घरोघरी नळ द्यायचा बेत आहे. मेमध्ये झऱ्यावर २० लिटरची बादली भरायला चार मिनिटं लागतात. बेत बरोबर आहे ना? (सचिव, ग्रामस्थ मंडळ, लालबाग)

उत्तर : बादली लावून पाणी मोजलंत आणि तेही मेमध्ये, हे फार बरं केलंत. बहुतेक मंडळी गणपतीला गावी गेल्यावर झरा बघतात. तेव्हा कोकणातला प्रत्येक व्हाळ, म्हणजे ओढा, बारमाहीच वाटतो.

आता हिशेब. चार मिनिटांत २० लिटर म्हणजे मिनिटाला ५, तासाला ३०० आणि दिवसाला ७,२०० लिटर. १९० माणसांत वाटलं तर माणशी ३८ लिटर. जल जीवन मिशनचं माप माणशी ५५ लिटर, म्हणजे १०,४५० लिटरचं आहे. एवढं पाणी मिळायला तुमची बादली पावणेतीन मिनिटांच्या आत भरायला हवी. तेव्हा मे महिन्यात झरा प्यायला आणि स्वयंपाकाला पुरेल, कपडे-गुरांना पुरणार नाही. हे वाडीला कामाआधीच सांगून टाका. नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात ‘मुंबईकरांनी फसवलं’ हे ऐकावं लागेल.

टाकीचा आकडा मात्र चुकला आहे. मोठी टाकी बांधून पाणी वाढत नाही. टाकीचं काम एवढंच, की वापर नसताना येणारं पाणी धरून ठेवायचं. संध्याकाळी सातला नळ बंद केले आणि सकाळी सहाला उघडले तर ११ तासांत ३,३०० लिटर जमतील. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच या नऊ तासांत २,७००. म्हणजे ५,००० लिटरची टाकी पुरून उरते. २०,००० लिटरची टाकी मेमध्ये तीन चतुर्थांश रिकामी राहील आणि तीन लाखांतला मोठा हिस्सा सिमेंटात जाईल. जांभ्याच्या भक्कम चौथऱ्यावर प्लास्टिकची तयार टाकी ठेवा, नाहीतर फेरोसिमेंटची, म्हणजे तारेच्या जाळीवर सिमेंट थापलेली, बांधा. चौथऱ्यात कसर नको, कारण भरलेल्या टाकीत नुसतं पाणीच पाच टन असतं. फेरोसिमेंट करणार असाल तर एकाला तीन असा सिमेंट-वाळूचा माल, पाणी बेताचं आणि किमान १४ दिवस ओलं ठेवणं, एवढं पाळा. गावातला गवंडी प्लास्टर सैल कालवतो, कारण ते थापायला सोपं जातं. नंतर जाळीच्या रेषेत केसासारख्या भेगा पडून टाकी पाझरते ती त्यामुळेच.

बाकीचे पैसे झऱ्याच्या तोंडाशी आणि पाइपावर लावा. झऱ्याचा खरा डोळा, म्हणजे पाणी जिथून फुटतं ती जागा, सापडेपर्यंत हाताने उकरा. जेसीबी तिथे नको, सुरुंग तर मुळीच नको. एक भेग हलली की पाणी दुसरीकडून वाट काढतं आणि मग ते परत आणता येत नाही. डोळ्यापुढे धुतलेले दगड रचून उताराच्या बाजूला बांधकाम करा आणि वर झाकण बसवा. यात एक चूक हमखास होते. जास्त पाणी साठावं म्हणून भिंत उंच करतात आणि सांडवा डोळ्याच्या वर ठेवतात. मग साठलेल्या पाण्याचा दाब उलटा झऱ्यावर येतो आणि झरा बाजूने फुटतो. सांडव्याचा पाइप डोळ्याच्या पातळीच्या खालीच हवा. वाडीकडे जाणारा पाइप तळापासून दहा सेंटिमीटर वर जाळी लावून बसवा, म्हणजे गाळ खाली बसेल. अगदी तळाला गाळ काढायला वेगळं भोक आणि बूच ठेवा. झऱ्याच्या वर आठ-दहा मीटरवर आडवा चर खणून पावसाचं गढूळ पाणी बाजूला काढा. वरच्या अंगाला तीस मीटरच्या आत शौचालय किंवा गोठा नको.

झरा आणि टाकी यांच्या उंचीतला फरक तुम्ही लिहिलेला नाही. तो मोबाइलवर बघू नका, दहा मीटरची चूक सहज होते. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घेऊन टप्प्याटप्प्याने मोजा. फरक सहा-सात मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर या पाण्याला ३२ मिलिमीटरचा एचडीपीई (प्लास्टिकचा) पाइप पुरतो. दहा मीटर उंचीला सुमारे एक किलो दाब येतो, तेव्हा फरक चाळीस मीटरच्या आत असेल तर सहा किलो दाबाचा पाइप चालेल. पाइप वाटेत कुठे चढून पुन्हा उतरत असेल तर त्या चढावर हवा अडकते आणि खाली पाणी थेंब थेंब येतं. तिथे हवा सोडायची तोटी बसवा, सर्वांत खोल जागी गाळ सोडायची. पाइप पुरणं टाळू नका. कोकणात फेब्रुवारीपासून वणवे लागतात, उघडा पाइप एका दुपारी मेणासारखा वितळून जातो. जांभा लागून खणता येत नसेल तिथे पाइपावर माती आणि दगडांची रास घाला, दोन्ही बाजूंचं गवत कापून ठेवा.

घरोघरी नळ नकोत, निदान आत्ता तरी. माणशी ३८ लिटरमध्ये ४२ नळ दिले तर सखलातली आठ-दहा घरं टाकी रिकामी करतील आणि वरच्यांच्या नळाला हवा येईल. सहा ठिकाणी सार्वजनिक नळ ठेवा आणि पाणी सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी सोडा. घरटी महिना ५० रुपये घेतले तर ४२ घरांचे वर्षाला २५,२०० होतात. पाणी सोडणाऱ्याला महिना १,००० दिले तर १२,००० गेले, १३,२०० दुरुस्तीला उरले. हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर), म्हणजे भरलेल्या टाकीला २५ ग्रॅम, आधी बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळ टाकीत ओतायची. अर्ध्या तासाने नळ सोडायचे. पावडरचं पाकीट उघडं राहिलं की तिचा जोर जातो, तेव्हा घट्ट झाकणाचा डबा हवा.

आणखी एक. वाडी जल जीवनच्या आराखड्यात आहे का, ते ग्रामपंचायतीत आधी विचारा. असेल तर लोकवर्गणीचा वाटा गावागणिक पाच किंवा दहा टक्के असतो आणि तो श्रमदानानेही भरता येतो. तुमची वर्गणी तिकडे अधिक कामाला येईल. झरा वनखात्याच्या हद्दीत असेल तर वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) खाली पाण्याच्या पाइपलाइनला एक हेक्टरच्या आत जागा मिळू शकते. पण प्रस्ताव मंडळाचा चालत नाही. ग्रामसभेच्या शिफारशीसह तो पंचायतीकडून किंवा खात्याकडून जावा लागतो.

प्रश्न : मंडळ १९७४ पासून आहे, नोंदणी नाही. वर्गणी खजिनदारांच्या खात्यावर यूपीआयने येते. एका कंपनीतले साहेब गावच्या शाळेसाठी सीएसआरचे, म्हणजे कंपनीच्या समाजकार्याच्या निधीतले, पैसे देतो म्हणतात. काय करावं? (कार्यकर्ता, भांडुप)

उत्तर : क्यूआर कोड आजच काढून टाका. खजिनदाराच्या खात्यात आलेला पैसा कागदोपत्री त्याचाच दिसतो. उद्या आयकराची नोटीस आली किंवा माणूसच गेला, तर पैसे वारसांकडे मागायची वेळ येईल.

नोंदणीला किमान सात जण लागतात. महाराष्ट्रात संस्था १८६० च्या कायद्याखाली आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून १९५० च्या कायद्याखाली, अशी दुहेरी नोंदली जाते. मुंबईकरांना त्यासाठी वरळीचं धर्मादाय कार्यालय गाठावं लागतं. कार्यालयाचा पत्ता कुणाच्या खोलीचा असेल तर मालकाचं ना-हरकत पत्र लागतं. चाळीतल्या गावकऱ्यांच्या सामाईक खोलीत इथेच गाडी अडते, कारण भाडेपावती तीस वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाच्या नावावर असते.

मंडळाची घटना लिहिताना दोन वाक्यांकडे लक्ष द्या. कार्यक्षेत्रात मुंबईबरोबर गाव, तालुका, जिल्हा स्पष्ट हवा. आणि उद्दिष्टांत पाणी, शिक्षण, आरोग्य ही कामं हवीत. नुसतं ‘गणेशोत्सव, सत्यनारायण आणि सभासदांचे हित’ एवढंच असेल तर शाळेचा खर्च उद्दिष्टाबाहेरचा ठरतो. लाभ एखाद्या ज्ञातीपुरता किंवा धर्मापुरता ठेवला तर देणगीदाराला मिळणारी करसवलत, जिला सगळे ८०जी म्हणतात, मिळत नाही. भावकीच्या मंडळांनी नाव आणि लाभार्थी ठरवतानाच हे बघावं. ८०जी मिळाल्यावरही २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला देणाऱ्याला सवलत नाही.

कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज दाखल करायचा. जुन्या नोंदलेल्या मंडळांचं घोडं बहुधा इथेच पेंड खातं. चार कार्यकारिण्या झाल्या, अर्ज एकही नाही, आणि परिशिष्ट एकवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीवर, अजून मूळ विश्वस्तच, त्यातले निम्मे स्वर्गवासी. बँक, कंपनी, सगळे तोच कागद मागतात.

कंपनीचे पैसे तुम्हाला लगेच मिळणार नाहीत. स्वतंत्र संस्थेला सीएसआरचं काम करायला तीन वर्षांच्या कामाचा दाखला, आयकराच्या दोन्ही नोंदण्या (संस्थेच्या करमाफीची आणि ८०जीची) आणि सीएसआर-१ हा नोंदणी क्रमांक लागतो. तोवर हे सगळं असलेल्या संस्थेशी करार करा. ती पैसे घेईल, काम करवील आणि हिशेब देईल. तुम्ही गाव सांभाळा. करारात ती संस्था व्यवस्थापनाला किती टक्के ठेवणार हे लिहून घ्या, नंतर कुरबुर नको.

प्रश्न : माझा भाचा दुबईत नोकरीला आहे, मोठे दीर अमेरिकेचे नागरिक झालेत. दोघांनाही गावच्या वाचनालयाला पैसे द्यायचे आहेत. मंडळाने घ्यावेत का? (वाचक, जोगेश्वरी)

उत्तर : ताई, भाच्याचे घ्या. पासपोर्ट भारतीय असेल आणि पैसे त्याच्या कमाईतून बँकेमार्फत येत असतील तर ती परदेशी देणगी नव्हे. पासपोर्टची प्रत पावतीला जोडून ठेवा. दिरांचे घेऊ नका. परदेशी नागरिक, मूळच्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, कायद्याने परदेशी स्रोतच धरला जातो आणि एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी, यांशिवाय एक रुपयाही घेता येत नाही. ‘तुमच्या खात्यात टाकतो, तुम्ही मंडळाला द्या’ ही पळवाट सुचवतील, ती नाकारा. एफसीआरए असलेल्या दुसऱ्या संस्थेनेही २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा तुमच्याकडे वळवता येत नाही. त्या संस्थेने स्वतः तुमच्या गावात वाचनालय उभं केलं तर चालेल.

प्रश्न : दोन संस्थांकडे दीड-दोन लाखांच्या अनुदानासाठी अर्ज केले, दोन्ही परत आले. बारा पानी अर्ज होता, फोटोही होते. कुठे चुकलं? (अध्यक्ष, मंडळ, कुर्ला)

उत्तर : अर्जाची प्रत तुम्ही पाठवलीत म्हणून नेमकं सांगता येतं. पहिली आठ पानं गावचा इतिहास, ग्रामदैवत आणि मंडळाच्या वाटचालीवर आहेत. अंदाजपत्रक शेवटच्या पानावर, एका ओळीत : ‘पाइपलाइन व इतर कामे – १,८५,०००’. ही ‘इतर कामे’ वाचूनच कागद बाजूला पडला असणार.

छोट्या अनुदानाचा अर्ज तीन पानांत बसतो. अडचण काय, कुणाला, किती घरांना, काम काय, गाव स्वतः काय घालणार, काम झाल्यावर कोण सांभाळणार, कोणत्या पैशांनी. अंदाजपत्रकात प्रत्येक ओळीला परिमाण, दर आणि रक्कम हवी. ‘एचडीपीई पाइप, ३२ मिमी, ६ किलो, ६०० मीटर’ असं. दर तीन दुकानांच्या लेखी कोटेशनवरून घ्या, तीही जीएसटी क्रमांक असलेल्या. वाहतूक विसरू नका. तालुक्याच्या गावापासून वाडीवर माल चढवायचा खर्च कागदावर नसतो आणि मग तो सिमेंटमधून काढला जातो.

श्रमदान आकड्यांत मांडा. ६०० मीटर चर, ४५ सेंटिमीटर रुंद आणि ६० खोल धरला तर १६२ घनमीटर खोदाई होते. मऊ मातीत माणूस दिवसाला सुमारे दोन घनमीटर खणतो, म्हणजे ८१ मनुष्यदिवस. त्याला रोजगार हमीचा त्या वर्षीचा दर लावा, हा तुमचा हिस्सा. जांभ्याला हे गणित लागू नाही, तिथे दिवस कितीतरी वाढतात, म्हणून आधी चार ठिकाणी पहार मारून बघा. श्रमदानाचं हजेरीपत्रक सह्या-अंगठ्यांसह ठेवा. ते नसलं की शेवटी हिशेब तपासणारा सगळं श्रमदान शून्य धरतो.

अनुदान हप्त्याने येतं, शेवटचा हप्ता काम संपल्यावर. त्या हप्त्याएवढे पैसे हाताशी नसतील तर दुकानदाराची उधारी तुमच्या डोक्यावर बसते. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांवर रोख देऊ नका, चेक किंवा ऑनलाइन द्या. कामाचा वेळही नीट मांडा. तुमच्या अर्जात खोदाई जुलैत दाखवली आहे. कोकणात जुलैत चर खणणारं माणूस मिळत नाही, लावणी चालू असते आणि खणलेला चर रात्रीत बुजतो. भात झोडून झालं की मेपर्यंतचा काळ धरा.

प्रश्न : चुलत्यांनी समाजमंदिरासाठी दोन गुंठे जागा तोंडी दिली, शंभराच्या स्टॅम्पवर लिहूनही दिलं. अनुदान देणारे ऐकत नाहीत. (वाचक, घाटकोपर)

उत्तर : ते बरोबर करताहेत. जमिनीचं दान नोंदणीकृत दानपत्रानेच होतं, देणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदार यांच्यासह, दुय्यम निबंधकाकडे. स्टॅम्पवरचं संमतीपत्र चुलत्यांच्या हयातीत शब्द म्हणून चालेल, त्यांच्यामागे त्यांची मुलं ते मानतीलच असं नाही. आधी सातबारा काढा. कोकणात तो बहुधा सामाईक असतो : पंचवीस नावं, काही वारलेली, काही मुंबईत, एखादी आत्या सासरी. वारसनोंदी पूर्ण करून सर्व सहहिस्सेदारांच्या सह्या घ्याव्या लागतील. दोन गुंठे तोडून देताना तुकडेबंदीची अडचण येते का, हे तलाठ्याला दस्त करण्याआधी विचारा. दान मंडळाच्या नावे घेण्यापेक्षा ग्रामपंचायतीच्या नावे घेतलेलं सोयीचं. विश्वस्त संस्थेची जमीन पुढे विकायची किंवा बदलायची तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. दस्तानंतर फेरफार होऊन सातबारावर नाव चढेपर्यंत पायाला कुदळ लावू नका.

प्रश्न : आम्ही मुंबईत बसून स्मशानशेडसाठी एक लाख जमवले. गावकरी म्हणतात आधी पाखाडी (दगडी पायवाट) करा. पैसे आमचे, मग ठरवणार कोण? (खजिनदार, परळ)

उत्तर : ग्रामसभा. आणि तुमचं मतदान मुंबईत असेल तर तिथे तुम्हाला मत नाही, गावच्या मतदारयादीतली माणसंच तिचे सभासद असतात. पैसे अडवून ठेवायचा हक्क तुम्हाला आहेच, पण मग शेडची डागडुजी करायला कुणी पुढे येणार नाही, हेही धरून चाला.

शेडसाठी पंचायतीचा पैसा मिळण्याची शक्यता असते, म्हणून प्रश्न असा घाला : यातलं कोणतं काम पंचायतीच्या आराखड्यात बसतं? पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या निधीत ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधील होते, मोकळे ४० टक्केच. त्या ४० मध्ये सगळ्या वाड्या हात घालत. पुढच्या वर्षीच्या आराखड्याची चर्चा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते, तेव्हा मागणी लेखी द्या आणि ठरावात ‘मुंबई मंडळाचा हिस्सा रु. १,००,०००’ असं नोंदवून घ्या. मग पंचायत शेड करील आणि तुम्ही पाखाडी, किंवा उलट. सभेला १५ टक्के मतदार किंवा १००, यांतला कमी आकडा हजर लागतो. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली तर ठराव लांबतो, म्हणून वाडीतल्या बायकांना आदल्या दिवशी घरोघरी जाऊन सांगा. पाखाडीवरून पाणी आणतात त्याच. ग्रामसभेआधी महिलांची सभा होते, तिथेच विषय घातला तर दुसऱ्या दिवशी पुरुषांना तो खोडणं जड जातं.

प्रश्न : एक देणगीदार दहा सौर पथदिवे फुकट देतोय. घ्यावेत ना? (वाचक, दादर)

उत्तर : घ्या, पण बॅटरी कोणती ते विचारून. लेड ॲसिड असेल तर चार-पाच वर्षांत बदलावी लागेल, लिथियम फॉस्फेट जास्त टिकते आणि तेवढी महागही असते. दहा बॅटऱ्यांचा आजचा भाव काढून पाचाने भागा आणि तेवढी रक्कम दर वर्षी बाजूला टाकायला ग्रामपंचायत तयार आहे का, ते ठरावावर घ्या. तयार नसेल तर दहाऐवजी चार घ्या : एसटीचा थांबा, विहीर, शाळा आणि पऱ्यावरचा साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल. जून ते सप्टेंबर ढगांमुळे दिवे मध्यरात्रीच विझू लागतील, तो बिघाड समजून खांब उघडू नका. आणि खांब आंब्या-फणसाच्या सावलीत येत नाही ना, हे दुपारी जाऊन बघा. खांबाची जागा ठरवायला माणसं संध्याकाळी जातात, तेव्हा सावली दिसत नाही.